सात नंबरची वाळकी पानं

धोंडूबाईंचा जन्म खाऱ्या पाण्यातला आणि संसार गोड्यातला. माहेर पेणकडच्या खारेपाटात. तिथे उधाणाला बांध फुटला की खाडी सरळ शेतात शिरायची, आणि पाणी ओसरल्यावर जमिनीवर मिठाचा पांढरा थर राहायचा. लग्न होऊन त्या कर्जतजवळच्या गावात आल्या, तेव्हा कालव्याचं पाणी त्यांनी आधी जिभेला लावून पाहिलं होतं. सासरची माणसं पोट धरून हसली होती.

माहेरून त्यांनी एक गाठोडं आणलं होतं. त्यात लाल तांदळाचं, लांब कुसळाचं भात होतं. खाडीचं पाणी शिरलं तरी तग धरणारं. सासरी त्याची काहीच गरज नव्हती, तरी दरवर्षी शेताच्या कोपऱ्यात दोन हात जागेत त्या ते लावायच्या. नवरा चिडवायचा, "माझ्या शेतात तुझं माहेर कशाला?" पुढे माहेरचा बांध कायमचा गेला, भावाच्या शेतात कांदळवन उगवलं, आणि ते बी त्या दोन हात जागेपुरतंच उरलं. नवरा गेला, साठी उलटली, तरी त्यांनी कोपरा सोडला नाही.

गेली चार वर्षं त्या भाताच्या वाणांची चाचणी घेणाऱ्या एका शेतावर रोजंदारीला जात होत्या. जानेवारीत तिथे समिधा आली. खालापूरची मुलगी, पीएचडी करणारी, चष्मा सतत नाकावर घसरणारा. प्लास्टिकच्या छपराखाली तिने भाताच्या कुंड्या मांडल्या. काहींना निळ्या मगाने गोडं पाणी, काहींना लाल मगाने मिठाचं.

"पोरी, जित्या रोपाला मीठ घालत्येस? पाप लागंल गं."

"मावशी, कुठलं रोप मीठ सोसतं ते बघायचंय."

"सोसणारं माझ्याकडं हाय," धोंडूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पदराच्या गाठीतून ओंजळभर भात घेऊन आल्या. समिधाने त्याला नंबर दिला, सात. मिठाच्या पाण्याच्या बारा कुंड्या. आपल्या माहेराला नंबर मिळाला हे धोंडूबाईंना फार आवडलं. चाचणीत हे बी टिकलं तर ते सरकारी थंडगार कपाटात जपून ठेवतील, असं समिधा म्हणाली होती. म्हणजे धोंडूबाई गेल्या तरी ते राहिलं असतं.

समिधाकडे एक चिमट्यासारखं यंत्र होतं. ते पानाला लावलं की आकडे दिसत. "पानाला बारीक बारीक तोंडं असतात, मावशी. तहान लागली की झाड ती मिटून घेतं. आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून."

"तोंड मिटून तहान भागती व्हय?"

"भागत नाही. पण तग धरतं. फार दिवस मिटून ठेवली तर उपाशीही मरतं, कारण हवा त्याच वाटेने आत जाते."

धोंडूबाईंना काही नीट उमगलं नाही. मिटलं तर उपाशी, उघडलं तर तहानेलं. मग झाडाने करायचं तरी काय? तेवढ्यात समिधाचा फोन वाजला. तिची आई होती, रोज याच वेळी. "हो आई, जेवले," समिधा म्हणाली. डबा समोर बंद होता. धोंडूबाईंनी तो उघडून तिच्या पुढ्यात सरकवला. "माऊली तिकडं जीव टांगून बसलीय आन् तू खोटं बोलत्येस. खा आधी."

पहिला महिना सात नंबर मजेत होता. वरची पानं हिरवीगार, चिमटा लावला की तोंडं उघडी. मार्चच्या मध्यावर मात्र काहीतरी बिघडलं. वरच्या कोवळ्या पानांचे शेंडे करपू लागले. समिधाने दर वेळी मोजायच्या पुढच्या चार कुंड्यांना चिमटा लावला, पुसून पुन्हा लावला. तोंडं मिटलेली. वहीत तिने आधीच एक गोष्ट लिहून ठेवली होती: "जुनी पानं लवकर गळतात," आणि पुढे प्रश्नचिन्ह. भाताची पानं अशी गळत नाहीत हे तिला माहीत होतं. तपासणीतून आलेला कागद पाहून ती आणखी गोंधळली. मीठ कोवळ्या पानांत होतं.

"असं कसं? मागच्या महिन्यात इथे मीठ नव्हतं," ती स्वतःशीच बोलली. मग थकून म्हणाली, "मावशी, सात नंबर बाद करावा लागणार."

धोंडूबाईंच्या हातातला लाल मग तसाच राहिला. "बाद म्हंजी?"

"म्हणजे पुढच्या चाचणीत घेणार नाहीत. सोसणाऱ्या रोपाची एक युक्ती असते. सगळं मीठ मुळाशी अडवता येत नाही, म्हणून ते मीठ खालच्या जुन्या पानांत नेऊन साठवतं. जुनं पान करपतं, नवं वाचतं. सुरुवातीला हे तसंच करत होतं. आता का सोडलं, कळत नाही."

"आन् खालचं पान कुणी खुडलं तर?"

"तर साठवायला जागाच राहिली नाही. मग मीठ वरच्या पानांत जाणार. पण खुडेल कोण?"

धोंडूबाई लाल मग घेऊन पुढच्या कुंडीकडे वळल्या.

खुडलं होतं त्यांनीच. दारच्या तुळशीचं वाळकं पान त्या रोज खुडायच्या. त्यांची आई खुडायची, सासूही खुडायची. घरच्या रोपावर वाळकं पान ठेवणं म्हणजे पोरीचे केस न विंचरता तिला पाहुण्यांपुढे उभं करणं. बाकीच्या नंबरांशी त्यांचं नातं नव्हतं. सातशी होतं. म्हणून रोज सकाळी समिधा यायच्या आधी त्या फक्त सातच्या कुंड्यांमधली करपलेली पानं अलगद खुडून काढत, पदरात बांधून घरी नेत आणि चांदीपुढे, म्हणजे शेळीपुढे टाकत. चांदी हिरवा पाला बाजूला सारून त्या वाळक्या पानांवर तुटून पडायची. हिला काय झालंय, असं धोंडूबाईंना रोज वाटायचं.

त्या संध्याकाळी पानं संपल्यावरही चांदी त्यांचा रिकामा पदर चाटत राहिली, आणि त्यांना कळलं. पानांत मीठ होतं.

तरी डोक्यातला गुंता सुटेना. आपण वाईट काय केलं? माया केली. मायेने रोप मरतं का? आणि जुनं पान नव्यासाठी करपत होतं, तर ते कुरूप का दिसावं, ते खुडावंसं का वाटावं? दोन दिवस त्या मुकाट्याने पाणी घालत राहिल्या. मुकादम नवनाथने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पाणी घालण्यापलीकडे कुंडीला हात लावला की घरी. सांगितलं तर रोजंदारी जाणार. नाही सांगितलं तर सात नंबर जाणार. तिसऱ्या दिवशी समिधा वहीत सातवर रेघ ओढायला बसली, तेव्हा धोंडूबाईंनी मग खाली ठेवला.

"रेघ नको ओढू गं. तुझं मीठ माझ्या शेळीच्या पोटात हाय."

समिधाला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं, तशी ती उठून उभी राहिली. "मावशी! सहा आठवडे! सहा आठवडे मी..." आवाज ऐकून नवनाथ आला. "म्हातारे, इथं काय न्हाणीघर हाय का रोपांना साफ करायला? उद्यापासून येऊ नको."

"नाय येत," धोंडूबाई म्हणाल्या. "पर एक दावते. बाराच्या बारा नाय खुडल्या. त्या पाइपाकडच्या तीन हायत ना, तिथं डोंगळ्यांचं वारूळ हाय. हात घालवंना मला."

समिधा पाइपाकडे धावली. तिन्ही कुंड्यांत खालची पानं करपून लोंबत होती, बघवत नव्हती. वरची हिरवीगार. तिने चिमटा लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्या कुंडीला. तोंडं उघडी होती.

ती तिथेच ओल्या जमिनीवर बसली. हसावं की रडावं ते तिला कळत नव्हतं, आणि तिच्याकडे बघून धोंडूबाईंनाही. "तीन कुंड्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही," ती शेवटी म्हणाली. "पुन्हा पेरावं लागेल. बी आहे का?"

"ओंजळभर उरलंय. तेवढंच. सगळं दिलं तर कोपऱ्यात लावायला नाय राहायचं."

धोंडूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग धोंडूबाई म्हणाल्या, "देते. पर पाणी मीच घालीन."

नवनाथने समिधाकडे पाहिलं. समिधाने वहीतलं ते प्रश्नचिन्ह खोडलं आणि शेजारी लिहिलं, "पानं गळली नव्हती, खुडली होती." मग म्हणाली, "त्याच घालतील. न खुडलेल्या कुंड्या कुठल्या, हे त्यांनी सांगितलं नसतं तर मला कधी कळलं असतं?"

एप्रिलमध्ये नवी रोपं वीतभर झाली. मीठ सुरू झालं आणि खालचं पहिलं पान पिवळं पडलं. लाल मगाने पाणी घालताना धोंडूबाईंचा डावा हात आपोआप त्या पानाकडे गेला. त्यांनी तो मागे ओढला, कमरेला खोचलेल्या पदरात अडकवला आणि एकाच हाताने पुढच्या कुंडीला पाणी घातलं. तेव्हापासून त्या सातच्या रांगेत तशाच वावरतात, एक हात पदरात कोंडून. नवनाथ विचारतो, "हात दुखतो काय गं, म्हातारे?"

"नाय रं," त्या म्हणतात. "त्याला अजून समजत नाय."