फुटाला सूतभर

थंड झाल्यावर जगातली प्रत्येक वस्तू थोडी लहान होते, या खात्रीवर उभं आयुष्य काढलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. दाजींची सगळी नोकरी कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत लाकडी पॅटर्न करण्यात गेली. लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी लाकडात घडवायचा, त्याचा ठसा वाळूत उठवायचा आणि त्या पोकळीत रस ओतायचा, असं ते काम. रस गार होताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न मुळातच जरा मोठा करावा लागतो. त्यासाठी या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट तुमच्याआमच्या फुटापेक्षा सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, मोठा असतो. ही पोलादी पट्टी दाजींच्या लेंग्याच्या खिशात असते आणि तो खिसा तिच्यासाठी खास खोल शिवून घेतलेला आहे. निवृत्तीनंतर माणसं डबा सोडतात, सायकल सोडतात. दाजींनी पट्टी सोडली नाही. घरात दुसरी साधी पट्टी आणायलाही त्यांची बंदी आहे. ‘दोन पट्ट्या ठेवल्या की मानूस दोन तोंडांनी बोलाय लागतो,’ असं त्यांचं म्हणणं.

याचा परिणाम नातेवाइकांनी भोगला. उचगावला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथं दोन भिंतींच्या मध्ये बसणारं फळ्यांचं कपाट दाजींनी मला करून दिलं. काम असं, की सांध्यात ब्लेडचं पातं जाणार नाही. फक्त ते जागेवर बसेना. मी म्हटलं, “दाजी, मोठं झालंय.” ते म्हणाले, “थांब की धाकटे, आक्रसंल.” मी म्हटलं, “लाकडाचं कपाट आहे, काय ओतलेलं नाही.” त्यावर थोडा विचार करून म्हणाले, “मग भिंत सरकंल.” भिंत सरकली नाही. शेवटी गिलावा खरवडून कपाट आत घातलं. ते आजतागायत तसूभर हललेलं नाही, आणि पुढंमागं दुकान विकलं तर कपाटासकटच विकावं लागेल. अक्काच्या स्वयंपाकघरातला चौरंग दारातून बाहेर निघत नाही, त्यामुळे त्यांच्याकडची सगळी पूजा स्वयंपाकघरातच होते. देवांची काही तक्रार दिसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्यांची हत्यारं ओळीनं टांगलेली असतात आणि दारावर खडूनं ‘बघा, पण लांबून’ असं लिहिलेलं आहे. अक्कानं एकदा घाईत त्यांच्या पटाशीनं नारळ फोडला. दाजी ओरडले नाहीत. त्यांनी पटाशी धुतली, पुसली, तेल लावून फडक्यात गुंडाळली आणि त्या खोबऱ्याच्या वड्यांना मात्र शेवटपर्यंत शिवले नाहीत. माणसांशी बोलताना त्यांचा आवाज तीन गल्ल्यांत ऐकू जातो, पण लाकडाशी ते हळू बोलतात. “मी सांगतो तुला,” अक्का मला म्हणाली होती, कोल्हापुरी बायका बोलतात तशी, “त्या फळकुटाशी बोलत्यात तसं माझ्याशी एक दिवस बोलले असते तर मी म्हातारी झालो नसतो.”

त्यांचा तिसरा नियम फौंड्रीतला. चुकलेला पॅटर्न शॉपच्या बाहेर जाता कामा नये. ज्याच्या हातून चुकला त्यानंच तो हातोड्यानं फोडायचा, म्हणजे चुकून कुणी त्यावरून माल ओतणार नाही. हा नियम ते घरीही पाळतात. त्यामुळे त्यांच्या हातचं चुकलेलं काही कुणाच्या घरात सापडत नाही. माझं कपाट त्यांच्या मते चुकलेलं नाही.

असा माणूस युद्धनौकेच्या नादाला लागला तो व्याह्यांमुळे. दाजींची मुलगी मलकापूरला दिली आहे. तिचे सासरे तरुणपणी आरमारात खलाशी होते. दाजी त्यांना पावणं म्हणतात, तेही दाजींना पावणं म्हणतात, आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजतात. व्याह्यांनी एकदा दाजींना मुद्दाम रत्नागिरीला नेऊन समुद्र दाखवला. दाजींनी डोळ्यावर हात धरून बराच वेळ क्षितिज पाहिलं आणि म्हणाले, “लेवलला हाय.” व्याही ही गोष्ट गावभर सांगत. बोलका माणूस. त्यांच्या जहाजाच्या गोष्टी सुरू झाल्या की जेवणाची ताटं वाळायची.

मग त्यांची नजर गेली. काचबिंदू होता, उपचाराला उशीर झाला. नजरेपाठोपाठ बोलणंही गेलं. सोफ्यावर भिंतीकडं तोंड करून बसायचे. भाची सासऱ्यांना मामा म्हणते. तिचा दाजींना फोन यायचा, “पप्पा, मामा आज पण बोलले न्हाईत. चहा पण तसाच ऱ्हायला.” दाजी फोन ठेवून गच्चीवर जायचे. शेवटी त्यांनी जावयाला सांगून त्याच जुन्या जहाजाचा प्लास्टिकचा संच मागवला, जोडला, रंगवला आणि मलकापूरला नेला. जहाज चांगलं तीन फूट लांब. मी बरोबर होते. व्याह्यांनी ते मांडीवर घेतलं, डेकवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे काय हाय? साबणाची पेटी?”

“जहाज हाय की पावणं, तुमचंच.”

“डेक कुठाय?”

“ह्यो काय. फळ्यांच्या रेषा मारल्यात की सगळ्या.”

“रेषा डोळ्याला झाल्या,” व्याही म्हणाले, “पायाला काय?” आणि जहाज बाजूला ठेवून पुन्हा भिंतीकडं वळले. त्या दिवसातलं त्यांचं बोलणं तेवढंच. परतताना शाहूवाडी मागं पडेपर्यंत दाजी खिशातली पट्टी काढत-घालत होते. मग म्हणाले, “मानूस बोलला धाकटे. शिवी दिली, पन बोलला.”

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानातले नमुने गायब व्हायला लागले. प्लायवूडवर चिकटवायचा सागवानी पापुद्रा येतो, त्याचे तळहाताएवढे तुकडे आम्ही गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवतो. दाजी ते सगळे घेऊन गेले. मी म्हटलं, “दुसरं हलकं लाकूड घ्या की, सागाची रेघ जाड असते.” ते म्हणाले, “पावण्याला वास कळंल.” त्या पापुद्र्यातून त्यांनी आगकाडीच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या. खऱ्या जहाजावर दोन फळ्यांच्या मधल्या फटीत डांबर भरतात, ते उन्हानं मऊ होऊन खलाश्यांच्या पायांना चिकटतं, हे व्याह्यांनी पूर्वी अनेकदा सांगितलं होतं. त्या डांबरासाठी दाजींनी अक्काच्या शिलाई मशीनचा काळा दोरा पळवला. एक फळी, तिला लागून दोरा, मग पुढची फळी. शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एका ओळीत येऊ द्यायचे नाहीत, विटांच्या भिंतीत येऊ देत नाहीत तसे. श्वास रोखून चिमट्यानं पट्टी ठेवायची, नखानं दाबायची, मग श्वास सोडायचा. आधी सोडला तर पट्टी उडते. त्या काळात पत्र्याच्या खोलीतला पंखा बंद असायचा आणि उन्हाळा होता. अक्का ताक घेऊन जायची आणि दारातूनच ठेवून यायची. मी नाना प्रकारचे कारागीर रोज दुकानात पाहते. एवढं निगुतीनं झालेलं काम मी पाहिलेलं नाही. पॉलिश पेपर मारून झाल्यावर तो डेक म्हणजे नुकती पुसलेली जुनी ओसरी वाटायचा.

चूक झाली ती फक्त दाजींच्याच हातून होऊ शकली असती. डेक त्यांनी पॅटर्नसारखा वेगळा, पातळ प्लायच्या तुकड्यावर केला होता आणि पुरा झाल्यावर जहाजावर बसवायचा होता. माप संचाच्या पुस्तिकेतून घेतलं आणि आखलं आपल्या पट्टीनं. लांबीत डेक जास्तीचा भरला, ते मागच्या टोकाला कापून भागलं. रुंदीचं भागेना. सगळा डेक पाऊण फळीनं रुंद झाला होता. मी दुकान बंद करून गेले तेव्हा दाजी स्टुलावर बसले होते आणि डेक त्यांच्या पुढ्यात होता.

“ओतीव असता,” ते म्हणाले, “तर गार झाल्यावर बरोबर बसला असता.”

मी म्हटलं, “कडेची एक फळी उभी चिरा, निम्मी करा. दुसऱ्या कडेलाही थोडं घासा. बसेल.”

“चुकलेलं ऱ्हाईल.”

“अहो, त्यांना दिसतंय कुठं?”

“दिसत न्हाय म्हनून तर,” दाजी म्हणाले आणि खुंटीवरचा हातोडा काढला. नियम म्हणजे नियम. पुन्हा पहिल्यापासून करणार होते, आणि त्यात पुढचा उन्हाळा आला असता. तेवढ्यात अक्का फोन कानाला लावूनच जिना चढून वर आली. ती कधी आत पाऊल टाकत नाही, त्या दिवशी थेट आत आली. “पोर रडतीया,” ती म्हणाली, “मामा कालपास्नं जेवले न्हाईत. तुमचं ते जहाज हाय तसं घेऊन चला. फोडायचं आसंल तर आल्यावर मला फोडा.”

दाजींनी हातोडा खाली ठेवला. कडेची फळी निम्मी केली, दुसरी कड घासली आणि डेक बसवला. उभ्या आयुष्यात चुकलेलं काम त्यांनी बाहेर काढलं ते तेवढं एकदा. मलकापूरपर्यंत जहाज मांडीवर धरून बसले होते, आणि गाडी खड्ड्यातून गेली की त्यांचा चेहरा दात काढून घ्यायला निघालेल्या माणसासारखा व्हायचा.

व्याह्यांच्या मांडीवर जहाज ठेवलं. त्यांनी आधी वास घेतला. मग बोट टेकवलं आणि आडवं न्यायला सुरुवात केली, दोरा लागला की किंचित थांबत, पुन्हा पुढं. बोट पार पलीकडच्या कडेला गेलं, थांबलं, मागं आलं, पुन्हा गेलं.

“पावणं,” व्याही म्हणाले, “ही शेवटची फळी निम्मीच हाय.”

अक्कानं माझा हात दाबला. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. दाजी म्हणाले, “व्हय. चुकली माझी. पट्टी फौंड्रीची हुती.” आणि सूतभर फुटाचं सगळं शास्त्र त्यांनी नेहमीच्या मोठ्या आवाजात व्याह्यांना सांगितलं, जसं काही शिक्षा वाचून दाखवतायत.

व्याही ऐकत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. “म्हंजे,” ते म्हणाले, “तुमी जहाज ओताय निघाला हुतासा? लोखंडाचा डेक? आरं, भाजून मेलो असतो की आमी.” हसता हसता त्यांना ठसका लागला. भाचीनं पाणी आणलं. ते पिऊन त्यांनी निम्मी फळी पुन्हा चाचपली आणि आरमारातल्या सुताराला शिव्या घालायला सुरुवात केली. तोही म्हणे असाच होता. मग तो सुतार, मग त्याचं मुंबईतलं लग्न, मग वादळ. जेवणाची ताटं वाळली. मला वाटतं, डेक बिनचूक असता तर ‘छान झालंय’ म्हणून ते परत भिंतीकडं वळले असते. पण हे मी दाजींना सांगितलेलं नाही, उगीच चुका करायला लागतील.

जहाज आता मलकापुरातच असतं. जावयानं काचेची पेटी केली होती, ती दाजींनी काढून टाकायला लावली. परवा आम्ही गेलो तेव्हा मी नीट पाहिलं. सागाचा डेक बाकी सगळीकडं तसाच आहे, पण पुढच्या टोकापासून जहाजातल्या स्वयंपाकघराच्या जिन्यापर्यंत एक काळपट वाट पडली आहे, बोटाएवढी रुंद. व्याही रोज तिथून चहाला जातात. माझ्या पिशवीत बारीक पॉलिश पेपर होता. मी म्हटलं, “दाजी, हळूच दोन हात मारू का? मूळचा रंग येईल.”

हात लावू न देणारे दाजी वाकून त्या डागाकडं बघत होते. त्यांनी माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे धाकटे,” ते लाकडाशी बोलायच्या आवाजात म्हणाले. “मानूस चालतोय तिथं.”