पाण्यासाठी सांगितलेलं नाव

टँकरच्या उन्हाळ्यातलं ते प्रकरण मला अजूनही विसरता आलेलं नाही. खून नाही, दरोडा नाही. वर्तमानपत्रात चार ओळीही आल्या नाहीत.

तेव्हा मी औरंगाबादच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धरणानं तळ गाठला होता आणि शहर मात्र चहूकडे वाढत होतं. नव्या वसाहतींत नळ नव्हते. टँकर हवा असेल तर उस्मानपुऱ्यातल्या पालिकेच्या पाणीपुरवठा कार्यालयात नाव, पत्ता, फोन, घरातली माणसं, सगळं संगणकावर नोंदवावं लागे.

अशाच एका वसाहतीत, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून बिडकीनकडून आलेली एक बाई लहान मुलीसह राहत होती. पत्ता तिच्या आईलाही माहीत नव्हता. फक्त आमच्या ठाण्यात होता. एका दुपारी नवरा दारात हजर. केसाला धरून त्यानं तिला बाहेर ओढलं. शेजाऱ्यांनी सोडवलं, आम्ही त्याला उचललं.

ठाण्यात बाई म्हणाली, "साहेब, पत्ता कुठून फुटला ते आधी सांगा. नायतर दुसरं घर घेऊन काय करू? तिथं बी येईल त्यो." संशय आमच्यावरच होता. तिच्या जागी मी असतो तर मलाही आला असता.

नवरा बोलेना. अशा माणसाला दरडावून उपयोग नसतो. त्याच्या हुशारीचं कौतुक करावं लागतं. मी चहा मागवला आणि म्हणालो, "आम्हाला नसतं जमलं बुवा." गड्याची छाती फुगली. "साहेब, माणूस कुठं बी लपू द्या, पाणी तर लागतंच. टँकरला नाव सांगावंच लागतं." ते ऐकून मला किळस आली. पत्ता कुणी दिला, ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

कार्यालयातल्या संगणकात कोण काय पाहतं याची नोंद राहत असे. बाईचा पत्ता उघडून पाहणारी म्हणून तिथं एका ऑपरेटर मुलीचं नाव निघालं. बोलावलं तर ती रडून बेजार. "साहेब, मी तर खुलताबादला मावसबहिणीच्या लग्नात होते!" खरंच होती. मग भानगड कळली. सगळं कार्यालय तिच्याच लॉगिनवर काम करायचं, पासवर्ड सगळ्यांना पाठ. रांग खोळंबायला नको म्हणून. आणि एकदा आत शिरलं की कुणालाही कुणाचंही घर दिसे.

कार्यालयासमोरच्या चहावाल्यानं आमच्या हवालदाराला खबर दिली की नवरा तिथल्या म्हाताऱ्या कारकुनापाशी रडत बसला होता. कारकुनाला मी खुर्ची दिली. एकाच प्रश्नात तो कोसळला. "व्हय साहेब, म्याच दिला. लेकराला एकदा बघतो म्हणून लई रडला हो. बापाला नाय कसं म्हनू?" पैसा घेतला नव्हता. आपल्याकडे पत्ता विचारणाऱ्याला घरापर्यंत सोडून येतात. त्यानं तेच केलं होतं. मला त्याची दया आली, तरी जबाब पुरा लिहून घेतला. नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला, ऑपरेटर मुलगी संशयातून सुटली, कारकुनाची खातेनिहाय चौकशी होऊन त्याला ताकीद मिळाली.

माझ्या पत्रावरून कार्यालयानं संगणकाची व्यवस्था बदलली. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन. टँकरवाल्याला फक्त गल्ली आणि घर क्रमांक. नावावरून पत्ता शोधायची सोय एका अधिकाऱ्यापुरती, तीही कारण लिहून.

चोर घर फोडतो, पण भला माणूस आतून कडी काढून देतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. ती कडी त्याच्या हाती न ठेवणं त्याच्याही भल्याचं असतं.

बाईनं घर बदललं, पण टँकरला नाव देईना. शेजारणींकडून कळशी-कळशी मागून दिवस काढत होती. शेवटी मीच तिला त्या कार्यालयात नेलं. खिडकीवर तोच कारकून. तिला बघून तो उभा राहिला, हात जोडले. "ताई, चुकलं माझं. आता नोंद झाली की मला बी परत दिसत नाय. कुनी कितीबी रडू द्या."

तिनं नाव सांगितलं, पत्ता सांगितला. त्यानं विचारलं, "घरात आनखी कोन?"

ती संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं मुलीचं नाव सांगितलं.