साताऱ्यात थांबलो तेव्हा

वडिलांची केमो सुरू झाली तेव्हा मी दिल्लीत नोकरीला होतो. रजा मंजूर झाली तसा पुण्याच्या विमानात बसलो. पुढे एसटीने सांगलीजवळच्या आमच्या गावी जायचं होतं.

शेजारच्या सीटवरचे वयस्क गृहस्थ सारखे खोकत होते. रुमाल हातात होता, पण उबळ आली की तो तोंडाशी नेईपर्यंत उशीर व्हायचा. मी मास्क लावला होता. जागा बदलून मागितली, पण विमान भरलेलं होतं. तेच ओशाळून म्हणाले, "ताप आहे हो मला. पण भाऊ दवाखान्यात आहे, निघावंच लागलं."

उतरल्यावर वडिलांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "त्यांच्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात. साधा फ्लूही झेपायचा नाही. थोडे दिवस लांबच राहा."

गावाच्या वाटेवर साताऱ्यात माझी आत्या एकटी राहते; तिच्याकडे उतरलो. दारातच तिला सगळं सांगितलं आणि लॉजवर जातो म्हणालो. तिने माझी बॅग आत नेली.

वडिलांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, "साताऱ्यापतूर आलास आन् घरला येत न्हाईस. डोळ्यानं बघितलं असतं की रं तुला."

दोन दिवसांनी मला ताप भरला. आत्याने ताट दाराशी ठेवून जायचं असं ठरलं होतं. पण ताप चढला तशी ती आत आली आणि कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. नको म्हटलं तरी ऐकेना. मी बरा होऊन उठलो आणि ती पडली. खोकला छातीत उतरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. सलाईन चालू असताना मला म्हणाली, "मी सोसंन रं. दादाला झालं असतं तर?"

ती घरी आली आणि डॉक्टरांनी मला परवानगी दिली, तेव्हा रजा संपत आली होती. गावी पोचलो. वडील ओसरीवर बसले होते. सदरा अंगावर लोंबत होता. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "तिला दम लागतोय का अजून?"

"थोडा."

"जेवती न्हवं?"

"जेवते."



वडील त्या आजारातून उठले. आत्याला मात्र अजूनही जिना चढताना मध्ये थांबावं लागतं.