कुंकवाच्या पावलांचं माप

“भाऊ, ह्याच्यावर पेन्सिल मारायची न्हाई. आन् चामड्यावर ठेवायचं बी न्हाई,” असं बजावून हौसाबाईंनी पिशवीतून घडी घातलेलं पांढरं कापड काढलं. मी कटिंगचं टेबल पुसून दिलं. कापड उलगडलं. त्यावर कुंकवाची दोन पावलं उमटलेली होती. त्यांच्या सुनेची, लग्नात उंबरा ओलांडून आत येतानाची.

“हे माप,” त्या म्हणाल्या. “बूट करा.”

जुन्नरला माझं बुटांचं दुकान आहे. आधी मुंबईत एका बुटांच्या कारखान्यात पॅटर्न, म्हणजे चामड्याचे आकार, कापायचो, मग गावाकडे आलो. ऑर्डरप्रमाणे बूट शिवणारा तालुक्यात मी एकटाच, असं मी तरी सगळ्यांना सांगत असे. लोक माप म्हणून काय काय आणायचे. झिजलेली चप्पल, सुतळी, एकाने तर ओल्या मातीत पाऊल उमटवून ते ढेकूळच उचलून आणलं होतं. कुंकवाची पावलं मात्र पहिल्यांदाच आली. मला हसू फुटत होतं, पण बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून गिळलं.

हौसाबाई मढ गावच्या. त्यांची सून सुरेखा वनरक्षक म्हणून भरती झाली होती आणि ट्रेनिंगला पार चंद्रपूरकडे गेली होती. रोजचं चालणं, पळणं, आणि शेवटी जंगलातून लांबची चाल. ती पूर्ण केली तरच पास. सुरेखाचा पाय कुठल्याच तयार बुटात बसेना. लांबीला बसणारा बूट पंजाला आवळायचा, पंजाला बसणारा टाचेत खुळखुळायचा. पायाला फोड आले, फुटले, पुन्हा आले. शेवटी ती फोनवर सासूला म्हणाली, आई, मी परत येते.

“येऊन काय करणार, सांगा,” हौसाबाई म्हणाल्या. “भातलावणीच ना? ती मी केली जल्मभर. तिची पोर मी सांभाळते, गुरं मी बघते. तिनं फकस्त तिथं टिकावं.”

“मग तिलाच विचारून माप मागवू की.”

“इचारलं तर नगं म्हणंल. लई मानी हाय. बूट हातात पडले म्हंजी घालीलच.”

सासूला सुनेचा इतका पुळका मी त्याआधी कुठे पाहिला नव्हता. ऑर्डर घेतली. कापडावरून पट्टीने मापं उतरवून ते त्यांना परत दिलं.

बूट शिवताना समोर पाय नसतो, लाकडाचं पाऊल असतं. त्याला लास्ट म्हणतात. गिऱ्हाइकाचा पाय जिथे रुंद असेल तिथे लास्टवर चामड्याचे तुकडे चिकटवून तो भरून घ्यायचा आणि त्यावर बूट ओढायचा. कापडावर पंजा झकास उमटला होता. बोटं पसरलेली, अंगठा बाजूला. लहानपणापासून खाचरात अनवाणी राबलेला पाय असा होतो. कारखान्याच्या लास्टला तो ठाऊक नसतो. पायाची उंची काही कापडावर दिसेना, ती हौसाबाईंनी हवेत हात धरून दाखवली. म्हटलं, ठीक आहे, वरचं थोडंफार नाडी सांभाळून घेते. टाचेकडे कुंकू फिकं होतं. कापड जुनं झालं असेल असं समजून दिसली तिथपर्यंत टाच धरली आणि नेहमीची मोकळीक सोडली.

बूट सुरेख झाले. पार्सल गेलं. काही दिवसांनी दुकानातला फोन वाजला.

“भाऊ, सुरेखा बोलतेय, मढची. बूट लई भारी हायेत. पंजाला कुठं म्हणून लागत न्हाईत. पन अंगठा फुडं टेकतोय. उतरणीला तर जीव जातो.” मग हळूच म्हणाली, “आईंना नका सांगू. माप कुठनं घेतलं व्हतं?”

मी सांगितलं.   पलीकडून जे हसू आलं ते थांबेचना.

“अवो भाऊ, तवा मी चवड्यावर चालत व्हते! नवी नवरी, सगळी भावकी बघतीया, आन् परातीतलं कुंकू पैंजणाला लागंल म्हनून टाच अर्धी उचललेली!”

म्हणजे मी लाजणाऱ्या नवरीच्या मापाचे बूट शिवले होते आणि घालून चालायचं होतं वनरक्षकाला. मीही हसलो, पण चाल तोंडावर आली होती. मी तिला तिथेच फोनवर माप घ्यायला शिकवलं. “संध्याकाळी घे, दिवसभर चालून पाय फुगतो. वर्तमानपत्रावर उभी राहा. पेन्सिल मैत्रिणीला धरू दे, तू वाकलीस की वजन हलतं. पंजाभोवती आणि घोट्याभोवती दोरा गुंडाळ, गाठी मार, तेही पाठव.”

“उभी कशी राहू? सरळ?”

“खाचरात रोपं लावताना राहतेस तशी. चांगली पाय रोवून.”

“आस्सं व्हय,” ती म्हणाली. “ते येतंय मला.”

वर्तमानपत्र आलं. कापडावरून उतरवलेल्या मापांशी ताडून पाहिलं. पंजा तंतोतंत तोच होता. टाच मात्र अंगठाभर मागे गेलेली, चांगली गोल, भरदार. दुसरा जोड मी इतर सगळी कामं बाजूला सारून केला. तो वेळेत पोचेल की नाही या काळजीने घरी चिडचिड केली, तीही बायकोने ऐकून घेतली.

चालीनंतर सुरेखा दुकानात फोन करणार होती. हौसाबाई बाजाराचं निमित्त काढून येऊन बसल्या. चहा दिला तो तसाच निवला. फोन वाजला.

“झाली भाऊ चाल! फोड? एक बी न्हाई!”

मी रिसीव्हर हौसाबाईंच्या हातात दिला.  डोळ्याला पदर लावून एवढंच म्हणाल्या, “जेवलीस का गं?”

चाल पार पडली होती, म्हणून मी त्यांना दुसऱ्या जोडाची हकीकत सांगून माप दाखवलं. जाताना त्यांनी ते वर्तमानपत्र मागितलं.

“आता त्याचं काय करता? काम झालं की.”

“त्या कापडाशेजारी ठिवते टरंकेत,” कागदाची नीट घडी घालत त्या म्हणाल्या. “ती पावलं घरात येतानाची. ही भायेर पडतानाची.”

तेव्हापासून कुणाचंही माप घेताना, विशेषतः बायकांचं, मी आधी सांगतो: टाच टेकवा, कुणी बघत नाहीये.