तिसरा बोल्ट

कॅफे बंद पडला आणि त्यातलं खेडं कुवेतमधल्या अम्गऱ्याला, भंगारात आलं.

शहरातल्या एका मॉलमध्ये कुणा हौशी माणसाने ते थाटलं होतं. आत शिरलं की इंग्लंडमधलं गाव. दिव्याचे खांब, विटांची भिंत, बेकरीची पाटी, खिडक्यांवर वेली, दाराशी लाल टेलिफोन बूथ. वर्षभरही चाललं नाही. मग जूनमधल्या एका सकाळी दोन ट्रक भरून ते अख्खं गाव रियाज परकारच्या पुढ्यात ओतलं गेलं.

रियाज भंगाराच्या यार्डात माल निवडतो. बावीस वर्षं झाली. लोखंड एकीकडे, अॅल्युमिनियम एकीकडे, तांबं-पितळ कुलपात. त्याच्या हातात सळईचा वीतभर तुकडा असतो. येईल त्या वस्तूवर तो टकटक करतो आणि कान देतो. माणसांनाही तो असाच वाजवून बघतो. एखादा साधा प्रश्न टाकतो आणि उत्तर पोकळ येतं का ते ऐकतो.

त्या सकाळी तो गावभर सळई वाजवत फिरला. खांब पत्र्याचे. विटा थर्माकोलच्या. बूथ फायबरचा. वेलींना तर हात लावायचीही गरज नव्हती.

मग भिंतीच्या एका तुकड्यावर बसवलेल्या काळ्या पाटीवर सळई पडली. आवाज घुमला आणि घुमतच राहिला.

रियाजने आधी मागे बघितलं. तल्हा वजनकाट्यापाशी होता, पाठमोरा. तल्हा श्रीवर्धनचा. काटा तो सांभाळायचा, आणि मालकाचे कानही.

रियाजने पात्याने कोपऱ्यातला रंग खरवडला. खाली कासं होतं, अस्सल. अजून खरवडलं तर अक्षरं वर आली. गावाचं नाव हॅझलस्टो. १९१४, १९१८. खाली एकतीस नावं.

खोट्या भिंतीसाठी कुणी चाळीस किलो कासं ओतत नाही. ही पाटी खऱ्या भिंतीवरची होती. मागून बघितल्यावर खात्रीच पटली. चार कोपऱ्यांना बोल्टची चार भोकं. त्यातल्या तीन भोकांच्या कडेला पहारीचे घाव. कुणीतरी ती उपटली होती, घाईघाईने. मग ती कुठे कुठे फिरली, कुणी तिला काळी केली आणि शोभेच्या सामानात विकली, ते कळायला मार्ग नव्हता.

नियम साधा होता. कासं कुलपात जायचं. महिन्याच्या तीस तारखेला तांब्या-पितळेचा ट्रक निघायचा, थेट भट्टीकडे. माल बाजूला ठेवणं म्हणजे चोरी. चोरी म्हणजे इकामा, राहायचा परवाना, रद्द आणि विमानाचं एकेरी तिकीट.

रियाजने पाटी गोणपाटात गुंडाळली आणि टेलिफोन बूथमध्ये आडवी घातली. तो बूथ कुणी घेणार नव्हतं.

त्याचा पणजोबा त्याच लढाईत गोऱ्यांच्या बोटीवर आगवाला होता. दाभोळच्या खाडीवरून मुंबईला गेला, बोटीच्या पोटात कोळसा ओढत बसला, आणि बोटीबरोबर बुडाला. त्याचं नाव कुठल्याही दगडावर नाही. रियाजचं शोधून झालं होतं.

उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम बंद असतं. त्या वेळात पत्र्याच्या ऑफिसात एसीखाली बसून त्याने फोनवर हॅझलस्टो शोधलं. गावाची स्वतःची वेबसाइट होती. ती तो तीन दुपारी वाचत होता.

लोकवस्ती पाच हजार आठशे. तरी गाव. शहर म्हणवून घ्यायचं का, यावर मतदान झालं होतं आणि लोकांनी नको म्हटलं होतं. रियाजला हे संशयास्पद वाटलं. त्याच्या गावात नऊशे माणसं, त्यातली अर्धी आखातात, आणि एसटीच्या थांब्यावर 'बाजारपेठ' लिहिलेलं.

पुढे वाचलं. एक मोठा रस्ता. खाटीक, बेकरी, दवाखाना, दोन दारूचे गुत्ते. वाचनालय आठवड्यातून तीन अर्धे दिवस, तेही लोकच फुकट चालवतात. भाजीच्या वाफ्यांसाठी सात वर्षं थांबायचं. ऑगस्टमध्ये भाज्यांची स्पर्धा, आणि मागच्या वर्षी एकाने आणलेला भोपळा विकतचा होता अशी तक्रार. रविवारी बस नाही. गुरुवारी मासळीची गाडी येते, तळ्यापाशी थांबते आणि भोंगा वाजवते.

मासळीच्या गाडीपाशी तो जरा रेंगाळला. त्याच्या गावातही गुरुवारीच येते.

बैठकांची इतिवृत्तंही होती. सतरा महिन्यांपूर्वीचं एक त्याने दोनदा वाचलं. चर्चच्या आवारातल्या भिंतीवरून स्मृतिफलक चोरीला गेला. कुणी काही पाहिलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक बैठकीत एकच नाव यायचं, थेट नाही, आडून. छपरं दुरुस्त करणारा कॉलिन. त्याच्याकडे शिडी आहे. त्याच्याकडे गाडी आहे. फलकाचे बोल्ट शेवटचे त्यानेच आवळले होते. एका बैठकीत ठराव होता की सभागृहाच्या छपराचं काम यापुढे बाहेरच्या माणसाला द्यावं.

रियाजने फोन उलटा ठेवला.

दापोलीला कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, तहरीमला, त्याने इंग्रजी पत्र लिहायला सांगितलं. तिने मन लावून लिहिलं. आदरणीय महोदय किंवा महोदया. आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल अशी आशा. मी कुवेतमधील श्री. रियाज. आपल्या गावाची एक मौल्यवान वस्तू माझ्या ताब्यात आहे. त्वरित संपर्क साधावा. ही बाब गोपनीय ठेवावी.

उत्तर तासाभरात आलं. 'अशा पत्रांना आम्ही उत्तर देत नाही. पुन्हा लिहिल्यास पोलिसांना कळवू. मॉरीन टॅलबट, ग्रामपंचायत सचिव.'

"गोपनीय कशाला लिवलंस गो?" रियाजने फोनवर विचारलं.

"अब्बा, तुम्हीच म्हणालात ना, कुणाला सांगू नका असं लिही!"

दुसरं पत्र त्याने स्वतः लिहिलं, येत होतं तेवढ्या इंग्रजीत. मी भंगारवाला आहे. तुमच्या नावांची पाटी इथे आहे. फोटो जोडला आहे. तीस तारखेला ट्रक जातो. मग पाटी वितळते.

मॉरीनने लिहिलं, 'नावं आमच्या वेबसाइटवर आहेत. फोटो हल्ली कुणीही बनवतो. तुम्हाला काय हवं आहे?'

रियाजने लिहिलं, 'काही नको.'

यावर तिचा संशय दुप्पट झाला. काही नको म्हणणारा माणूस तिला सत्तर वर्षांत भेटला नव्हता, असं तिने लिहिलं. यार्डाचा पूर्ण पत्ता द्या, मग बोलू.

आता रियाज सावध झाला. पत्ता कशाला? पत्ता दिला की उद्या दारात पोलीस. चोरीचा माल कुठे सापडला? रियाजकडे. पुढचं कोण ऐकणार? आणि ही मॉरीन खरंच त्या गावची कशावरून? वेबसाइट कुणीही बनवतं. कदाचित ज्याने पाटी विकली, तोच पलीकडून लिहीत असेल.

इकडे तल्हाचंही लक्ष होतं.

"रियाजभाय, त्या डब्यात काय ठेवलंस?"

"कुठल्या?"

"टेलिफोनच्या. दिवसातून चारदा आत जातंस. कुणाला फोन लावतंस?"

"सावली असते रे."

"फायबरच्या डब्यात? जूनमधे?" तल्हा हसला, पण हलला नाही. "शिजशील."

आणि गावी त्याच्या बायकोला, लैलालाही, तहरीमकडून कळायचं ते कळलं होतं.

"ती मॉरीन कोण?" लैलाने फोनवर विचारलं. रियाज भात कालवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"ग्रामपंचायतीची बाय आहे."

"आपल्या ग्रामपंचायतीला बावीस वर्षांत एक चिठ्ठी नाय लिवलीत. आणि हिला रोज?"

"पाटीचं काम आहे गो."

"असूं दे. पाटीचा फोटो नको. बायचा पाठवा."

सत्तावीस तारीख आली. रियाजने सिमेंटची रिकामी पिशवी फाडून तिचा कागद सपाट केला. पाटी त्यावर ठेवून चारही भोकं पेन्सिलीने गिरवली. मग टेप लावून मापं घेतली. तिसरं भोक, खालचं डावं, बाकीच्यांसारखं गोल नव्हतं. कुणीतरी ते कानशीने एका बाजूला वाढवलं होतं. तिथे पहारीचा घावही नव्हता.

त्याने मॉरीनला लिहिलं. 'मॅडम, मी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. तुम्हीही माझ्यावर ठेवू नका. तुमच्या भिंतीत चार भोकं असतील. एका मध्यापासून दुसऱ्या मध्यापर्यंत मापा आणि मला आकडे पाठवा. माझे आकडे मी आधी सांगणार नाही.'

दिवसभर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत नाही. रियाजला वाटलं, संपलं. बाई खोटी निघाली. का कोण जाणे, त्याला वाईट वाटलं.

उत्तर संध्याकाळी आलं, या वेळी लांबलचक. भिंत उंच आहे, तिचे गुडघे दुखतात, शिडी धरायला कुणी यायला तयार नव्हतं. कुवेतचा कोण भंगारवाला सांगतो म्हणून चर्चची भिंत मापायची, याला लोक हसले. शेवटी कॉलिन आला. त्याने शिडी धरली. खाली आकडे होते, इंचांत. आणि एक ओळ: 'खालचं डावं भोक रेषेच्या अर्धा इंच बाहेर आहे. कॉलिन म्हणतो, तिथला दगड तडकला होता, म्हणून ते बाजूला घ्यावं लागलं. तो बोल्ट कधीच नीट बसला नाही.'

रियाजने सिमेंटचा कागद काढला. पहिला आकडा जुळला. दुसरा जुळला. तिसऱ्याला त्याने पेन्सिल टेकवली. अर्धा इंच बाहेर, नेमकं तिथेच जिथे कानस फिरली होती.

त्याने तिथल्या तिथे लिहून टाकलं. 'पाटी तुमची. चोराने तिसऱ्या कोपऱ्यातून सुरुवात केली, कारण तो बोल्ट सैल होता. बाकीचे तीन पहारीने उपटले. तुमच्या छपरवाल्याकडे पाना असणार. पाना असलेला माणूस बोल्ट उपटत नाही.'

एकोणतीसला सकाळी तो मालकाला सांगायला निघणार होता. त्याआधीच तल्हाने बूथचं दार उघडलं.

"हा काय तुझा फोन?"

मालक अबू मिशाल सत्तरीचे. चाळीस वर्षं हिंदुस्थानी माणसांबरोबर काढलेली, त्यामुळे हिंदी यार्डापुरती पक्की. त्यांच्या टेबलावर तल्हाने पाटी ठेवली. चहाचे पेले खुळखुळले.

"मुदीर, महिनाभर लपवली होती यानं."

"एकवीस दिवस," रियाज म्हणाला.

अबू मिशालनी चष्मा लावला. "कुणाची आहे?"

"एका गावाची. चोरीची आहे. मी परत पाठवायची म्हणून ठेवली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विश्वास ठेवला नसता."

"आणि आता ठेवतो असं कोण म्हणालं?"

रियाजने सिमेंटचा कागद टेबलावर पसरला, शेजारी फोन ठेवला. आकडे दाखवले. म्हातारबुवांनी त्याच्या हातातला टेप घेतला. स्वतः उठले. स्वतः मापलं. एक. दोन. तिसऱ्या भोकापाशी हात थांबला. त्यांनी टेप सोडला आणि पुन्हा लावला. मग चष्मा कपाळावर चढवून भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"एवढी सगळी नावं एका गावातली?"

"हो."

"किती वस्ती?"

"तेव्हा दोन हजार असेल."

ते बराच वेळ नावांकडे बघत राहिले. ती त्यांना वाचता येत नव्हती.

"तल्हा, वजन कर."

एक्केचाळीस किलो भरलं.

"या महिन्याच्या मालातून एवढं कमी लिही. पुढे कारण लिही."

"काय कारण लिहू?"

"मालक सापडला."

तल्हाने लिहिलं. लिहिताना त्याने रियाजकडे एकदाही बघितलं नाही. अबू मिशाल खुर्चीत बसले आणि रियाजला म्हणाले, "पुन्हा काही लपवलंस तर पाटीच्या पेटीत तुला घालून पाठवीन."

पेटी रियाजने केली, पण खिळे तल्हाने ठोकले. आत पाटीच आहे याची त्याला खात्री करून घ्यायची होती. खिळे ठोकण्याआधी त्याने सळई मागून घेतली आणि एकदा वाजवून बघितली.

सप्टेंबरात फोटो आला. चर्चची भिंत, तिच्यावर पाटी, रंग पूर्ण काढून घासलेली. समोर छत्र्या घेतलेले वीसेक लोक. मधे पांढऱ्या केसांची, काठी टेकलेली मॉरीन. कडेला एक उंच माणूस, शिडीला हात लावून, बाकीच्यांपासून दोन हात दूर. खाली मॉरीनने लिहिलं होतं, 'कॉलिनची माफी अजून कुणी मागितलेली नाही. मी मागितली. तो म्हणाला, मॉरीन, तुलाही वाटतच होतं ना? मी हो म्हणाले.'

रियाजने फोटो घरी पाठवला. लैलाचा फोन लगेच आला.

"हीच का ती? काठीवाली?"

"हीच."

"मग लिवा, लिवायचं तर." फोटो पुन्हा बघून ती म्हणाली, "एवढ्या छत्र्या, पण काठीवालीवर कुणी धरली नाय. भिजली ती बिचारी."

रियाज फोटो मोठा करून बघत होता. नावांवरून तो खाली डाव्या कोपऱ्याकडे गेला. मग फोन तल्हाच्या समोर धरला.

तल्हाने एक नजर टाकली. "भोक तेच ठेवलंय."

"तेच."

"पहार परत तिथूनच घालणार."

रियाजने मॉरीनला लिहिलं, 'तिसरा बोल्ट बदला. तिथला दगड बदला. ज्याने नेली त्याला ती जागा माहीत आहे.'

उत्तर पाच मिनिटांत आलं. 'तुम्ही असता तर कशी काढली असती? म्हणजे आम्ही तशी पक्की करू.'

रियाजने लिहायला अंगठा उचलला आणि थांबला. पाटी कशी काढायची, हे कोण विचारतंय? मॉरीनच कशावरून? तिचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात असला तर?

त्याने तल्हाकडे बघितलं. तल्हाने नको अशी मान हलवली.

'आधी सांगा,' रियाजने लिहिलं, 'भिंतीतलं तिसरं भोक किती खोल आहे?'

या वेळी उत्तराला पाऊण तास लागला. आकडा आला होता. सोबत एक फोटोही होता. पाटी भिंतीवरच होती, फक्त तिसरा बोल्ट बाहेर काढलेला. भोकात पोलादी पट्टी घातली होती. पट्टी धरलेला हात म्हातारा, सुरकुतलेला होता. त्याच्याखाली शिडीच्या पायरीवर दुसरा एक हात होता, मोठा, डांबराने काळा झालेला.

मग रियाज लिहायला बसला.