मोटारीचा गंज काढणारे गृहस्थ

मोटारीचा जुना रंग खरवडून गंज काढायचा, तर सोलापुरात सगळे एकाच गृहस्थांचं नाव सांगत. कारण दुसरं कोणी ते काम करतच नव्हतं. मोटार दिसली की हे आधी नाक मुरडत. मग मडगार्डापाशी उकिडवे बसून पातं चालवत आणि निघणाऱ्या प्रत्येक पापुद्र्याबरोबर आधीच्या रंगाऱ्याचा उद्धार करत. त्यांच्या मते गावात चांगला रंगारी एकच होता. त्याचं नाव ते विनयानं घेत नसत.

धाकट्या बहिणीच्या वरातीसाठी मी माझी मोटार त्यांच्याकडे दिली. दोन दिवसांनी गेलो, तर दाराचा रंग खरवडून झाला होता आणि आतला पत्रा गंजानं तांबडा दिसत होता.

"वकीलसाहेब, ह्यो रंग कुण्या गाढवानं लावला? गंज न काढताच वरनं फासलाय की."

"तुम्हीच लावलात, गेल्या दिवाळीत."

पातं थांबलं. आता तरी हे गप्प बसतील, या आशेनं मी स्टुलावर टेकलो. त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवलं आणि तांबूस भुकटी धोतराला पुसली.

"व्हय, काम माझंच हाय. तवा तुमी लई घाई केली हुती."

"घाई आताही आहे. वरात परवावर आली."

"मंग टांगा सांगा. पुन्यांदा गाढव व्हायचं न्हाय मला."

वरात टांग्यातून निघाली. मोटार पुढे महिनाभर त्यांच्या छपरात तशीच उघडी होती, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ती कौतुकानं दाखवत, "वकीलसाहेबांची हाय. घाईचा मानूस."