मोहाच्या राईची अट

बाळांनो, दिवाळीत गावी आलात की फटाके नाहीत म्हणून तुम्ही रुसायचात. पापनाशमजवळच्या आपल्या मोहाच्या राईत त्याच दिवसांत करकोचे घरटी बांधत, म्हणून आपल्या घरात कुणीच फटाके लावत नसे. ती राई आता नाही. कशी गेली, ते तुम्हाला नीट कळावं म्हणून लिहिते.

तुमच्या आजोबांनी राई पुतण्याला बक्षीस दिली, कारण गावात राहणारा तोच एकटा. बक्षीसपत्रात स्वतः घोटीव इंग्रजीत अट घातली: पक्षी येतात तोवर एकही झाड तोडायचं नाही. वकील म्हणाले होते, मालकी देऊ नका, ट्रस्ट करा. आजोबा चिडले. घरच्या मुलावर परके विश्वस्त बसवायचे? तंजावरात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

आजोबा गेले आणि वर्षाच्या आत राईत करवत आली. पुतण्याला तिथे कल्याणमंडपम, म्हणजे लग्नाचं कार्यालय, बांधायचा होता. मी पोचले तेव्हा घरट्यांत पिल्लं होती.

"अट वाचलीस ना?"

"वाचली की. काकांचं इंग्रजी फार छान," तो हसला. "पण काकी, पक्ष्यांच्या नावावर जमिनीचा पट्टा आहे का? बसा, कॉफी घ्या आधी."

कॉफी न घेता मी वकिलांकडे गेले. त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "अम्मा, पूर्ण मालकी दिलीत ना? मग ती जमीन कशी वापरायची ही अट टिकत नाही. लिहिलीच नव्हती समजा."

घरट्यांसाठी मी वनखात्याकडे तक्रार केली. माणसं आली, काम थांबलं. पिल्लं उडाली आणि करवत पुन्हा सुरू झाली. कायदा घरट्याला होता, झाडाला नव्हता. मंडपाच्या मुहूर्ताला मला पत्रिका आली, वर हळदीकुंकू लावून.

राईमागचं तळं माझ्या नावावर होतं. यंदा करकोचे तिथल्या बाभळींवर दाटीवाटीने बसले. ते मी ट्रस्टला दिलं. आता ते विकता येणार नाही, बुजवता येणार नाही, आणि विश्वस्तांत आपल्या घरचं कुणी नाही. तुमच्या वडिलांनी फोनवर विचारलं, "आई, आमच्यावरही विश्वास नाही?"

"नाही," मी म्हणाले.

तुम्हालाही तेच सांगते. माझा तुमच्यावर जीव आहे, पण तळ्यावर तुमचा हक्क नाही. याल तेव्हा काठावरून बघा.